अमेरिकेचा अध्यक्ष आणि मूर्तिजापूरची प्रश्नावली

किस्से कुणी ठरवून जमवत नाही हो. नोकरी करत राहायची, ते मागून आपोआप जमतात. आमच्या अमरावतीच्या कॉलेजातला राज्यशास्त्र विभाग म्हणजे दोन टेबलं, एक कपाट, एक कूलर आणि आम्ही तिघं: विभागप्रमुख इंगोले सर, मी आणि शिपाई गजूभाऊ. एवढ्याशा खोलीत इतकं काय काय घडलं आहे, की सगळं सांगत बसलो तर तुमची शेवटची बस जाईल. म्हणून आज फक्त शीतलचे सांगतो. तिचेच पुष्कळ आहेत.

शीतल माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. गाव मूर्तिजापूरजवळ. वडील नामदेवराव भाजीपाला पिकवतात आणि स्वतःच बाजारात बसून विकतात. आणि या पोरीचा विषय काय? तर अमेरिकेच्या एका आधुनिक अध्यक्षाचं जीवन आणि वारसा! त्या अध्यक्षाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव घेतलं की लोक किस्सा सोडतात आणि अमेरिकेवर भांडत बसतात. एवढंच ध्यानात ठेवा, की माणूस शेतकरी घरातला, खेड्यातून निघून अध्यक्ष झाला, पुढची निवडणूक हरला आणि हरल्यावर मुकाट्यानं आपल्या गावी राहायला गेला. शीतलला तो आवडला तो या शेवटच्या गोष्टीसाठी.

* * *

विषय मंजूर करून घ्यायला विद्यापीठाच्या समितीपुढे उभं राहावं लागतं. तिथं एक ज्येष्ठ सदस्य होते. त्यांनी शीतलचा आराखडा चाळला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अमेरिका कशाला हवी? आपल्या मातीतला विषय घ्या ना. तुमच्या तालुक्याच्या पंचायत समितीवर करा काम."

मी खाली मान घातली. मार्गदर्शकानं अशा वेळी तेच करायचं असतं.

शीतल शांतपणे म्हणाली, "सर, आमच्या पंचायत समितीवर आतापर्यंत अकरा जणांनी पीएच.डी. केली. तिथला बाबू आता कोणी दारात आलं की आधी विचारते, 'काम हाय का पीएच.डी.?'"

समिती हसली आणि विषय मंजूर झाला. ज्येष्ठ सदस्य तेवढे हसले नाहीत. नंतर कळलं, त्या अकरांतले चार त्यांचेच विद्यार्थी होते!

* * *

अमेरिकेत अलीकडच्या प्रत्येक माजी अध्यक्षाच्या नावानं एक मोठी लायब्ररी असते. त्याची पत्रं, टिपणं, भाषणं, सगळं तिथं ठेवतात. ही माहिती मी विभागात दिली तेव्हा गजूभाऊ चहा ओतत होते. ते थांबले.

"पत्येक अध्यक्षाच्या नावानं लायब्ररी?"

"हो."

"आपल्याकडं चौक असते!"

तर शीतलनं त्या लायब्ररीला ईमेल टाकला. इंग्रजी मी तपासून दिलं, इंगोले सरांनी माझं तपासलं, आणि शेवटी तिनं स्वतःचंच पाठवलं. पाचव्या दिवशी उत्तर! सोबत कागदांच्या चाळीस पानांच्या प्रती आणि खाली दोन ओळी, की तुमच्या अभ्यासाचा आम्हाला आनंद आहे, आणखी काही लागलं तर कळवा. इंगोले सरांनी त्या ईमेलची प्रिंट काढली आणि स्टाफरूमभर फिरवली. गणितवाल्यांना तर दोनदा दाखवली.

त्याच आठवड्यात मी आमच्याच कॉलेजच्या लायब्ररीत एक पुस्तक मागितलं होतं. वरच्या मजल्यावरचं. बारा दिवस झाले तरी खाली आलं नव्हतं. गजूभाऊंनी ते ऐकलं आणि अगदी मनापासून सल्ला दिला.

"सर, ते बी अमेरिकेतूनच मागवा ना. लवकर येईन."

* * *

आता मूळ भानगडीकडे येतो. इंगोले सरांचा एक नियम आहे, आणि तो त्यांनी सगळ्या विद्यापीठात रुजवला आहे: प्रश्नावली नाही तर पीएच.डी. नाही! विषय कोणताही असो. माणसं गाठायची, फॉर्म भरून घ्यायचे, 'पूर्णतः सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत' अशा खुणा करायच्या, आणि मागे टक्केवारीची रंगीत वर्तुळं जोडायची.

मी म्हणालो, "सर, माणूस अमेरिकेतला. प्रश्नावली कुणाकडून भरायची?"

"का? अकोल्यात माणसं नाहीत?"

"त्यांना काय माहीत या अध्यक्षाबद्दल?"

"ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. 'सांगता येत नाही' हा रकाना कशासाठी ठेवलाय?"

विभागप्रमुखाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? शीतलनं प्रश्नावली केली. एकोणीस प्रश्न सरांच्या समाधानासाठी. विसावा मात्र तिनं स्वतःच्या मनानं घातला, त्याला रकाने नव्हते, नुसत्या चार रिकाम्या ओळी: 'पद गेल्यावर माणसाने काय करावे?'

त्या विसाव्या प्रश्नानं पुढे आमची सगळ्यांची झोप उडवली, पण ते नंतर.

* * *

पहिली फेरी धारणीला, डोंगरातल्या आदिवासी भागात. एस.टी.नं धारणी, तिथून जीपनं आत. त्या रस्त्यानं जाताना फॉर्मचा गठ्ठा मी पोटाशी धरला होता, आणि उतरलो तेव्हा पोट आणि गठ्ठा दोन्ही हलले होते.

एका पाड्यावर एक कोरकू आजोबा भेटले. बाहेरच्या माणसाशी तिकडं हिंदीत बोलतात. शीतलनं त्यांना अध्यक्षाचा फोटो दाखवला, सगळी गोष्ट सांगितली आणि विचारलं, "बाबा, इनके बारे में आपको क्या लगता है?"

आजोबांनी फोटो हातात घेतला. नीट पाहिला. मग आम्ही आलो त्या रस्त्याकडे बोट केलं.

"ये रोड इसने बनाया क्या?"

"नहीं बाबा. ये तो अमेरिका का है."

"फिर अच्छा आदमी है. लिख लो."

* * *

दुसरी फेरी अकोल्याला, माझ्या गावी. इथं मी शीतलला बजावलं होतं, की व्यापारी लोक घाईत असतात, फॉर्म थोडक्यात उरकायचा. एका धान्याच्या दुकानात शेठजींनी पोत्यांवर बसूनच फॉर्म भरला, सगळीकडे 'पूर्णतः सहमत'. शीतलनं पाहिलं तर त्यातले दोन प्रश्न एकमेकांच्या अगदी उलट! एकात अध्यक्षाचं धोरण यशस्वी होतं, दुसऱ्यात तेच धोरण फसलं होतं.

"शेठजी, दोन्हीले कसं काय सहमत?"

"बाई," शेठजी समजावणीच्या सुरात म्हणाले, "गिऱ्हाइकाले नाही म्हणाची सवयच नाही मले."

बाळापूरच्या रस्त्यावर एका गावात माजी सरपंचांकडे गेलो. दारावर पितळी पाटी: सरपंच. 'माजी' नाही. चहा आला, पोहे आले, भाऊंनी अध्यक्षाची हकीकत मान डोलवत ऐकली. मग शीतलनं विसावा प्रश्न वाचला, "भाऊ, पद गेल्यावर माणसानं काय करावं?"

भाऊंनी आत स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि आवाज एकदम खाली आणला.

"हळू बोल ना, पोरी. अजून घरात नाही सांगतलं."

मी आणि शीतल गाडीत बसेपर्यंत कसेबसे गप्प राहिलो. तो फॉर्म कोरा आहे. मी अजून जपून ठेवलाय!

* * *

पण सगळेच फॉर्म असे नव्हते, हे सांगायलाच हवं. विसाव्या प्रश्नाला लोक जी उत्तरं देत होते ती वाचून मी चक्रावलो. पहिल्या एकोणीस प्रश्नांना 'सांगता येत नाही' म्हणणारी माणसं विसाव्याला चार ओळी भरून मागच्या पानावर जात होती. एका बाईनं लिहून घ्यायला लावलं होतं: 'ज्या नळाले आपण पाणी आणलं नाही, त्या नळावर आता रांगेत उभं रायावं.' एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं होतं: 'स्वतःच्या नावाच्या शाळेत स्वतःच्या नातवाला घालावे.'

शीतलनं त्या उत्तरांचं पाचवं प्रकरण केलं. अमेरिकेचा अध्यक्ष पदावरून उतरून गावी गेला, त्या जगण्याला वऱ्हाडातली माणसं कोणत्या मापानं मोजतात, असं ते प्रकरण. मी तीस वर्षं प्रबंध वाचतोय. ते प्रकरण वाचून मी घरी फोन केला आणि बायकोला म्हणालो, "आपल्या पोरीनं काय लिहिलंय बघ!" मला अभिमान वाटला. त्यात लाज कशाची?

* * *

नामदेवरावांची गोष्ट वेगळीच. पोरगी जे वाचायची ते घरी जेवताना बापाला सांगायची, आणि बाप दुसऱ्या दिवशी ते बाजारात सांगायचा. वांगी मोजता मोजता अध्यक्षाचं बालपण. भेंडीसोबत त्याचं लग्न. सांबाराची जुडी निवडेपर्यंत निवडणूक. सांबार म्हणजे आमची कोथिंबीर, पुणेकरांनी सांभाळून घ्यावं. पुढचं ऐकायला गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत यायचं. शेजारच्या दुकानदारानं तक्रारसुद्धा केली, "माही भेंडी याच्यापेक्षा कवळी हाय, पन माह्याकडं अध्यक्ष नाही!"

मग शीतलची परीक्षा, प्रवास, असं काही मध्ये आलं आणि चार दिवस घरी नवीन काही पोहोचलंच नाही. नामदेवराव तरी पुढचं कुठून सांगणार? पाचव्या दिवशी एका आजीबाईंनी शीतलला बसस्टँडवर गाठलं.

"काहून व शीतल? तुह्या बापानं त्याले त्या पांढऱ्या घरात नेऊन बसवलं, चार दिवस झाले, अजून कामाले नाही लावलं!"

* * *

टायपिंगवाल्या विलासभाऊंचाही एक सांगतो. कॉलेजसमोर त्यांचं दुकान. आयुष्यात शेकडो प्रबंध टाइप केले, एकही वाचला नाही, असं ते स्वतः अभिमानानं सांगतात. शीतलचं तिसरं प्रकरण टाइप करताना एक दिवस त्यांची बोटं थांबली.

"मॅडम, हा पुढं हरते काय?"

"हो भाऊ. चौथ्या प्रकरणात."

विलासभाऊंनी कॉम्प्युटर बंद केला. "मंग आज नाही जमत मले. उद्या या."

दुसऱ्या दिवशी शीतल गेली तर चौथं पूर्ण झालेलं, आणि विलासभाऊ पाचव्याच्या मध्यात! एवढी घाई का, विचारलं तर म्हणाले, "हरल्यावर घरचे कसे वागले ते पायत होतो."

* * *

आता शेवटचा. हा मी सांगतो तेव्हा गजूभाऊ दारात येऊन उभे राहतात, कारण ते तिथं होते.

शीतलची खुली मौखिक परीक्षा. प्रबंध सादर करायची मुदत तिला दोनदा वाढवून मिळाली होती, तिसरी मिळणार नव्हती. म्हणजे या परीक्षेत पास तर डॉक्टर. आणि परीक्षकांनी 'दुरुस्ती करून पुन्हा सादर करा' म्हटलं, तर सात वर्षं पाण्यात.

परीक्षक पुण्याहून आले होते. अभ्यासू माणूस. प्रबंधात पानोपानी चिठ्ठ्या लावलेल्या. असा परीक्षक पाहिला की मार्गदर्शकाला घाम फुटतो, कारण त्यानं खरोखर वाचलेलं असतं.

सुरू व्हायला दहा मिनिटं राहिली असताना सभागृहाचं दार उघडलं आणि नामदेवराव आत आले. मूर्तिजापूरच्या भाजीबाजारातून पिकअप गाडी करून आलेले, सोबत सहा भाजीवाले, सगळे पांढऱ्या कपड्यांत. चपला दाराबाहेर काढल्या. इंगोले सर म्हणाले, "अहो, चपला घाला, चालतं." नामदेवराव म्हणाले, "राहू द्या, सर. आज परीक्षा हाय." आणि सगळे मागच्या रांगेत बसले.

शीतल छान बोलली. पहिली चार प्रकरणं परीक्षकांनी चाचपून पाहिली आणि मान हलवली. मग त्यांनी पाचवं उघडलं.

"हे प्रकरण इथं कसं? अमेरिकेच्या अध्यक्षाच्या वारशाबद्दल विद्वानांनी लिहिलेलं आहे. भाजीबाजारातल्या माणसाचं मत हा काय पुरावा झाला? माझं मत स्पष्ट आहे. हे प्रकरण काढा आणि प्रबंध पुन्हा सादर करा."

शीतलनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी, खोटं कशाला बोलू, माझ्या बुटांकडे पाहिलं.

ती म्हणाली, "सर, पहिली चार प्रकरणं अमेरिकेतला कोणीही माझ्यापेक्षा चांगली लिहील. हे पाचवं फक्त मला लिहिता येतं. काढायचंच असेल तर ती चार काढा."

परीक्षक पेन उघडून बसले. नियमाप्रमाणे सभेच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या विद्यापीठाच्या सरांनी विचारलं, "सभागृहातून कुणाला प्रश्न?"

असा प्रश्न विचारायचा असतो म्हणून विचारतात. हात कुणी वर करत नाही. सगळे चहाकडे बघत असतात. त्या दिवशी शेवटच्या रांगेतून एक हात वर गेला.

नामदेवराव उभे राहिले. दोन्ही हात जोडलेले.

"साहेब, मले पोरीले काही नाही इचारायचं. तुमाले इचारतो. तिनं चारशे लोकायचे फॉर्म भरून घेतले. माह्या बाजूच्या दुकानाचा घेतला, समोरच्याचा घेतला. माहा नाही घेतला! म्हने, 'बाबा, तुमी घरचे. घरच्या माणसाचं उत्तर चालत नाही, नियम हाय.' मी म्हटलं, बरं. दोन वर्स झाले, मी उत्तर घेऊन बसलो हाव. आता तुमी हे पान काढून टाकता म्हनता. तर मंग आता नियम बी गेला. आतातरी माहं उत्तर लिहून घेता काय?"

इंगोले सर उठायला लागले. परीक्षकांनी हातानं त्यांना बसवलं. प्रबंधाचं मागचं कोरं पान उलटलं.

"सांगा," ते म्हणाले. "पद गेल्यावर माणसानं काय करावं?"

नामदेवरावांनी घसा साफ केला. दोन वर्षं तयार असलेलं उत्तर, पण वेळ आल्यावर त्यांना पाणी प्यावं लागलं. मग म्हणाले,

"पद होतं तवा रस्त्यानं जाताना लोक आपल्याले आधी रामराम करे. आपन नुसती मान हलवे. पद गेलं का रोज सकाळी भायेर निघावं, आन् जो भेटन त्याले आधी आपन रामराम करावा. आता आपली पाळी. बस, एवढंच."

आणि ते खाली बसले.

परीक्षक लिहीत होते. चार ओळी लिहिल्या, पुन्हा वाचल्या. शीतलकडे पाहिलं. मग सभेच्या अध्यक्षांच्या कानाशी लागले, माझ्यापुढे कागद सरकवला, सही करून घेतली. अध्यक्ष उभे राहिले आणि त्यांनी वाचून दाखवलं, की उमेदवारास पीएच.डी. पदवी प्रदान करावी, आणि प्रबंध पाचव्या प्रकरणासह प्रकाशित करावा, अशी शिफारस करण्यात येत आहे.

सहा भाजीवाल्यांनी टाळ्या कुठं वाजवायच्या ते बघायला एकमेकांकडे पाहिलं आणि मग अशा वाजवल्या की शेजारच्या वर्गातली पोरं बाहेर आली. गजूभाऊ रडत होते. मी रडत नव्हतो, असं मी घरी सांगितलंय.

तेवढ्यात परीक्षक व्यासपीठावरून खाली उतरले. खुर्च्यांमधून वाट काढत थेट शेवटच्या रांगेत गेले, नामदेवरावांसमोर उभे राहिले आणि दोन्ही हात जोडायला वर उचलले.

नामदेवरावांनी घाईनं ते हात वरच्या वर धरले.

"ना ना, साहेब! तुमचं पद अजून हाय. रामराम आधी मी करतो!"